दोनशे बारा पानं घेऊन डिंभ्याच्या पाठीमागे

लिनक्सविषयी बोलायला लागलो की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात, हे आधीच सांगून टाकतो. बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं, मुलाला फोन येतो, आणि एका साखरपुड्यात तर माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्या तावडीतून सुटण्यासाठी दुसऱ्यांदा पंगतीला बसले. तेव्हा वैशाखाच्या उन्हात मी चार दिवस जुन्नर-आंबेगावात लिनक्स शिकण्याची चांगली साधनं शोधत हिंडलो, एवढं वाचून तुम्ही पान उलटलंत तरी मी मनाला लावून घेणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, त्यातलाच लिनक्स हा एक प्रकार. ती फुकट मिळते. तिच्या आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. भंगारात काढलेल्या मशिनवरही ती निवांत चालते. निवृत्त झाल्यावर आम्ही पाच मित्रांनी तोच उद्योग काढला. पुण्यातल्या कचेऱ्यांनी टाकलेले संगणक गोळा करायचे, त्यांवर लिनक्स चढवायचं आणि खेड्यापाड्यांत द्यायचे. गेल्या दिवाळीत असे सहा संगणक आम्ही डिंभे धरणाच्या पाठीमागच्या एका डोंगरी गावाला दिले. दिले म्हणजे मी ते घरी बसून तयार केले आणि टेम्पोत चढवले. सोबत गेलं कुणीच नाही. मला कंबरेचा त्रास आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनीच तशी अट घातली. पुण्याचा एक माणूस सांभाळताना त्यांची पुरेशी दमछाक झाली होती.

वैशाखात तिथून सुनंदाताईंचा फोन आला. त्या गावातलं वाचनालय सांभाळतात. म्हणाल्या, मशिनी चांगल्या आहेत, वीजही असते, पण माणसं बसत नाहीत. शिकायला काही सोपं, चांगलं असेल तर पाठवा, आणि रविवारच्या आत पाठवा. रविवारी गावाची बैठक होती. वाचनालयाची ती खोली मुळात भात कांडायच्या गिरणीसाठी बांधलेली. गिरणी नसल्यानं लोकांना भाताची पोती घोडेगावला न्यावी लागतात. वर्षापूर्वी सुनंदाताई बैठकीत उभ्या राहिल्या, खोली वाचनालयाला आणि संगणकांना द्या म्हणाल्या, आणि गावानं त्यांच्या शब्दावर दिली. सहा महिने झाले, संगणकाला कुणी शिवलं नव्हतं. आता गाव खोली परत मागणार होतं.

"खोली गेली तर जाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "पण माझा शब्द जाईल. मी हितली सून हाय. परत कोणत्या तोंडानं उभी राहू बैठकीत?"

मी म्हटलं, काळजी करू नका, मी स्वतः येतो. हे वाक्य मी इतक्या भारदस्त आवाजात म्हटलं की आत बायकोनं कुकरची शिट्टी होऊ दिली नाही.

आता माझ्या तयारीविषयी. मी तीस वर्षं एका कारखान्यात पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. पंपासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जी पुस्तिका येते आणि पिशवीसकट माळ्यावर जाते, ती. या दांडग्या अनुभवाच्या जोरावर मी नवशिक्यांसाठी मराठीत लिनक्सचं पुस्तक लिहिलं होतं. दोनशे बारा पानं. त्याच्या तीन प्रती स्पायरल करून घेतल्या. इंटरनेटवरच्या एक्केचाळीस चांगल्या ठिकाणांची यादी छापून घेतली, आणि पेनड्राइव्हमध्ये इंग्रजी व्हिडिओ भरले. पण मी विनयी माणूस असल्यामुळे ठरवलं की वाटेत इतर लोक कशावरून शिकतात तेही बघावं. त्या भागातले दोन पत्ते मला मित्रानं दिले होते.

गुरुवार, कळंब

पहिला पत्ता कळंबच्या संगणक क्लासचा. पुणे-नाशिक रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून युरियाचा वास आणि वरून टायपिंगचा आवाज. क्लास चालवणारे मंगेश हे पस्तिशीचे, गोरेगोमटे, सतत घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी एकेकाळी लिनक्सची बॅच काढली होती, असं ऐकलं होतं.

"काढली व्हती," ते म्हणाले. "पंधरा पोरं आली. चौथ्या दिवशी एकानं विचारलं, सर, हे परीक्षेला हाय का? मी म्हनलं, न्हाय. पाचव्या दिवशी मी आन् पंखा."

मी त्यांना मुक्त प्रणालीचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ते उसाचा रस पीत ऐकून घेतलं. रस त्यांनीच मागवला होता, आलं-लिंबू घालून, आणि पुण्यात ज्याला मोठा ग्लास म्हणतात तो इथे लहान असतो. मग त्यांनी मला मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ दाखवला. इथली पोरं शिकलीच तर यावरून शिकतात, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओतला तरुण पहिली अकरा मिनिटं स्वतःविषयी आणि सबस्क्राइबचं बटण दाबण्याविषयीच बोलत होता. मी तुच्छतेनं हसलो. अशा माणसांमुळेच नवशिका पळून जातो, असं काहीसं म्हणालो.

मंगेशरावांनी माझं पुस्तक उघडलं. पहिली अठरा पानं मुक्त प्रणालीच्या इतिहासाची होती. त्यातली दोन माझ्याविषयी. त्यांनी एकेक पान शांतपणे उलटलं आणि एकोणिसाव्या पानावर थांबले.

"हितं मशिन चालू होतंय, सर," एवढंच म्हणाले.

एक प्रत मी त्यांना भेट दिली. त्यांनी ती कपाटाच्या वर ठेवली. तिथे एका पंपाची पुस्तिकाही होती, पिशवीसकट. कुठल्या कंपनीची ते मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

शुक्रवार, आणे

आळेफाट्याहून पूर्वेला निघालं की घाट चढून गाडी पठारावर येते आणि झाडं एकदम कमी होतात. आण्याचं पठार म्हणजे वारा आणि मोकळं रान. पाण्याचं नाव काढलं की लोक आभाळाकडे बघतात. दुसरा पत्ता तिथल्या एका निवृत्त गुरुजींचा. सत्तरी ओलांडलेले, अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यांनी पूर्वी कुठल्याशा मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून एकट्यानं लिनक्स शिकून घेतलं होतं, आणि त्यांच्या वहीवरून गावातली बरीच माणसं शिकली अशी ख्याती होती. ती वही मिळवायची, वाटल्यास तिच्या झेरॉक्स काढायच्या, असा माझा बेत.

आधी जेवण झालं. आण्याची आमटी यात्रेला कढयांमध्ये होते म्हणून प्रसिद्ध आहे; गुरुजींच्या घरी ती पातेल्यात होती, पण तिखटाचा हिशेब कढईचाच असावा. बाजरीची भाकरी कुस्करून वर आमटी ओतायची आणि हातानं ओरपायची. पुण्यात आमटी ही भातावर घालायची गोडसर गोष्ट आहे असं मी साठ वर्षं समजत होतो. दोन घासांत माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि गुरुजींच्या पत्नीनं न विचारता गुळाचा खडा पुढे केला.

मग गुरुजींनी मला दोन संगणक दाखवले. एक कामाचा. दुसऱ्यावर खडूनं लिहिलं होतं, "बिघडवायचा". नव्या माणसाला आधी त्याच्यावर बसवतात. काय वाटेल ते दाब, मोडलं तर मोडलं, मी अर्ध्या तासात परत उभं करतो, असं सांगतात. माझ्या पुस्तकात बरोबर उलट होतं. "सावधान" या शीर्षकाच्या चौकटी मी मोठ्या कौतुकानं प्रत्येक पानावर टाकल्या होत्या.

आणि मग वही. शंभर पानी, शाळकरी, वर नाव: "सौ. मनीषासाठी". मनीषा त्यांची सून. पहिल्या पानावर लिहिलं होतं: "मनीषा, आज काही शिकायचं नाही. मशिन सुरू कर, चहा घे, बंद कर." दुसऱ्या पानावर: "काल तू विचारलंस की मोबाइलमधले फोटो मशिनमध्ये घातले ते गेले कुठे. ते इथे असतात." पुढे बाणांची आकृती, निळ्या शाईनं. प्रत्येक पान तिनं आदल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नानं सुरू होत होतं. मी वाचत गेलो आणि मला सरळ सरळ हेवा वाटला. तीस वर्षांत माझ्या एकाही पानानं कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं, कारण मला कुणी प्रश्न विचारलाच नव्हता.

मी म्हटलं, गुरुजी, ही वही मला रविवारपर्यंत द्या.

"देईन हो, पण चालायची नाही," गुरुजी म्हणाले. "ही मनीषाची आहे. दूधवाल्याची वेगळी लिहिली, सोसायटीच्या सेक्रेटरीची वेगळी. तुमचं पुस्तक कुणासाठी आहे?"

"नवशिक्यांसाठी."

"असं का. नवशिक्याचं नाव काय?"

मी वही मिटून परत त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी आग्रह केला नाही, आतून आणखी एक गुळाचा खडा मात्र मागवला.

शनिवार, लेण्याद्री

या दिवशी मी कुठलंही साधन शोधलं नाही, दुःख विसरायला देवदर्शन केलं. बायकोनं फोनवर बजावलं होतं की एवढ्या लांब गेलाच आहेस तर गिरिजात्मजाचं दर्शन घे, निदान एक तरी काम पदरात पडेल. डोंगरात कोरलेल्या लेण्यांपर्यंत पायऱ्या चढत जायचं. पायथ्याशी काकड्या विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, पिशवी उघडी नेऊ नका, माकडं हायेत. मी म्हटलं, पिशवीत खायचं काही नाही, पुस्तक आहे.

माकडांना हा फरक माहीत नव्हता. साधारण निम्म्या वाटेवर एका दांडग्या माकडानं पिशवीत हात घातला, दुसरी प्रत काढली आणि कठड्यावर जाऊन बसलं. त्यानं मुखपृष्ठ फाडलं, वास घेतला, मग अनुक्रमणिका फाडली, आणि बाकीचं दरीत टाकून निघून गेलं. माझ्या पुस्तकाचा आजवरचा सर्वांत चिकाटीचा वाचक तोच, असं म्हणायला हरकत नाही. घरातलं कुणीही अनुक्रमणिकेपर्यंत पोचलेलं नाही.

वर मात्र गार होतं. कातळाच्या त्या सभामंडपात एकही खांब नाही, आणि बाहेर कुकडीचं खोरं हिरवंपिवळं पसरलेलं. तासभर बसलो. रात्री जुन्नरला मासवड्या खाल्ल्या. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण आणि सोबत झणझणीत रस्सा. कृती मी वहीत तपशिलानं उतरवून घेतली. परत आल्यावर घरी करून पाहिल्या, त्याविषयी काही न बोलण्याचं आमच्यात ठरलं आहे.

रविवार, डिंभ्याच्या पाठीमागे

घोडेगावहून जीपनं निघालो. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खाली गेलेलं, काठाची लाल माती उघडी पडलेली. वाटेत जीप थांबवून ड्रायव्हरनं जाळीतली करवंदं काढली आणि सगळ्या प्रवाशांना ओंजळभर दिली. पुण्यात करवंदं पानाच्या द्रोणात विकत घेतो; इथे पैसे विचारले तर लोक हसले.

गावात पाऊल टाकलं ते थेट वाळत घातलेल्या हिरड्यांवर. अंगणभर पसरलेला हिरडा माझ्या बुटाखाली कराकरा वाजला, एक म्हातारी काठी घेऊन बाहेर आली आणि तिच्या मागोमाग सुनंदाताई. चाळिशीच्या, काटक, पदर खोचलेल्या. त्यांनी म्हातारीला सांगितलं, हेच ते सर. म्हातारीनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "व्हय, तोच हाय." मला कळेना, ही मला कशी ओळखते.

वाचनालयात गेल्यावर कळलं. सहाही संगणकांना हातानं शिवलेली कापडी आवरणं होती. वर हळदीकुंकू. रोज पुसलेले, धुळीचा कण नाही. सुनंदाताईंनी एकेक करून ते सुरू केले आणि सहाही पडद्यांवर मी आलो. घरी तयार करताना मी प्रत्येक मशिनवर वापरणाऱ्याचं नाव म्हणून माझंच, "अविनाश", घातलं होतं, शेजारी फोटो माझा. शाल आणि श्रीफळ घेतलेला, निवृत्तीच्या समारंभातला. सहा अविनाश एकाच वेळी प्रसन्न हसत होते. खरं सांगतो, मला त्या क्षणी जरा बरंच वाटलं.

सुनंदाताईंनी सांगितलं की त्या रोज दहा वाजता दार उघडतात, सगळं सुरू करून ठेवतात. लोक येतात, उंबऱ्यात उभे राहून बघतात, नमस्कार करतात आणि जातात. बैठक चार वाजता होती. मी म्हटलं, आत्ताच सगळ्यांना बोलवा, मी तासाभरात पाया घालून देतो. त्या म्हणाल्या, सगळे पडकईला गेलेत, हौसाबाईंच्या रानात, तुम्हीच चला.

पडकई म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. या डोंगरांत भाताची खाचरं उतारावर करावी लागतात. दगड फोडायचे, बांध रचायचे, माती सारखी करायची. हे एका घराच्या हातून होत नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळी घरं मिळून आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या असं काम करतात. मजुरी नसते. ज्याचं रान त्यानं जेवण द्यायचं आणि दुसऱ्यांच्या पाळीला आपण जायचं. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची तर तीन बैठका होतात आणि शेवटी माणूस लावतात.

उतारावर तीसेक माणसं टिकाव बाजूला ठेवून बसली होती; हौसाबाई थोड्या उशिरानं आल्या, तेव्हा कुठे काम सुरू झालं. एक टिकाव माझ्याही हातात आला. नको म्हणण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं. कुणी काही शिकवलं नाही. मला फक्त दोघांच्या मध्ये उभं केलं, एका बाजूला हौसाबाई, दुसऱ्या बाजूला धोंडूबाबा. हौसाबाई पन्नाशीच्या, हसऱ्या. धोंडूबाबा पंचाहत्तरीचे, आणि गिरणी मागणाऱ्यांचे म्होरके. दोघांचे टिकाव एका लयीत पडत होते, मग माझाही पडायला लागला. मी चुकलो तर ते थोडं हळू होत, एवढंच. वीस मिनिटं टिकलो. मग हातावर फोड आले आणि माझी पाणी वाटायच्या कामावर बदली झाली.

जेवणाला नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाचं पिठलं होतं. तेव्हा मी धोंडूबाबांना सहज विचारलं की हौसाबाईंनी यायला थोडा उशीर केला तेव्हा तुम्ही सगळे नुसते का बसला होता, सुरुवात करून टाकायची.

"तसं न्हाय करत, पावणं," ते म्हणाले. "ज्याचं रान, त्यानं पयला घाव घालायचा. मालकाबगर आमी ढेकूळबी हलवत न्हाय."

मी भाकरीचा घास हातात धरून थांबलो. विचारलं, "बाबा, आणि वाचनालयात?"

"तितं तुमचा फोटू हाय ना. सहाच्या सहावर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आमी वाट बघितली. म्हनलं, माघात येतील. मंग म्हनलं, शिमग्याला येतील. मालक आला न्हाय, तर दुसऱ्याच्या रानात शिरायचं कसं? मंग बाया म्हनल्या, निदान पुसून तरी ठेवू."

सुनंदाताई भाकरी करायच्या थांबल्या होत्या. त्यांचं माहेर मंचरकडचं, तिथे पडकई नाही. पंधरा वर्षं या गावात राहून त्यांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, आणि पाहुण्याला, तू तुझं नाव काढ, असं सांगणं गावाला बरं दिसलं नव्हतं. मी दोनशे बारा पानं लिहिली, एक्केचाळीस ठिकाणं शोधली, चार दिवस हिंडलो, आणि अडचण माझ्याच फोटोची होती. मला एवढी लाज वाटली की पिठलं तिखट लागेना.

चार वाजायला दीड तास होता. आम्ही धावतच खाली आलो. धावले इतर सगळे, मी आपला घसरत आलो. गावात तेवीस घरं. सहा मशिनवर मी तेवीस नावं घालायला बसलो. लिनक्समध्ये एकाच मशिनवर हवी तेवढी खाती काढता येतात, प्रत्येकाचं घर वेगळं, दाराला कुलूप वेगळं. सुनंदाताई मोबाइलवर एकेकाचा फोटो काढत होत्या. मी घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव विचारत होतो आणि बायका स्वतःचं सांगत होत्या. मी तेच घातलं. कारभाऱ्याच्या चाव्या, म्हणजे सगळ्या मशिनची व्यवस्था बघायचा अधिकार, सुनंदाताईंच्या नावावर केला. शेवटी उरला "अविनाश". तो काढून टाकताना मशिन विचारतं, नक्की का? मला वाटलं होतं तितकं ते सोपं गेलं नाही. सहा वेळा विचारलं, आणि सहाही वेळा मी जरा थांबलो.

त्या भरात मला स्फुरण चढलं. मी उभा राहून म्हणालो की मंडळी, ही मुक्त प्रणाली म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून केलेली पडकईच आहे.

"असंल," हौसाबाई म्हणाल्या. "पण पडकईत कुनी भाषण करत न्हाय."

बैठक वाचनालयाच्याच ओसरीवर भरली. धोंडूबाबांनी सरळ विषय मांडला. म्हाताऱ्या माणसांना पोती खाली न्यावी लागतात, गिरणीला खोली हवी, सहा महिने दिले, आता पुरे. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला वाटलं, सुनंदाताई आता माझ्याकडे बघतील आणि मी पुढे होऊन बोलेन. त्यांनी बघितलं नाही. त्या उभ्या राहिल्या तेव्हा पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"सहा महिने मी दार उघडून बसले," त्या म्हणाल्या. "मालक कोन, ते कुनाला इचारलं न्हाय. ती चूक माझी. लावणी लागंपर्यंत येळ द्या. एकेका घराची पडकई करू, समदी मिळून. न्हाय जमलं तर ही किल्ली मी स्वतः बाबांच्या हातात देईन. मंग गिरणी बसवा, मी पुन्हा बोलायची न्हाय."

धोंडूबाबा उठले आणि काठी भिंतीला लावली.

"पयली माझी," ते म्हणाले.

आत जाऊन ते तिसऱ्या मशिनपुढे बसले. पडद्यावर त्यांचा फोटो होता, नुकताच काढलेला, डोळे मिटलेला. एका बाजूला हौसाबाई बसल्या, दुसऱ्या बाजूला सुनंदाताई. बाकी गाव पाठीमागे उभं. काय काम करायचं, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, अर्ज लिहायचाय, गिरणीचा. ज्या मशिनी हलवायच्या, त्यांच्यावरच तो अर्ज लिहिला जाणार होता. सुनंदाताईंनी फक्त मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली.

कळांवर मी मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. बाबा एका बोटानं एकेक अक्षर हुडकत होते. टिकाव धरून राठ झालेलं ते बोट कळेवर इतकं हळू उतरे की मला राहवेना. मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा, मी दोन मिनिटांत टाइप करून देतो. पुढे सरसावलोही.

"सर," सुनंदाताई वळून न बघता म्हणाल्या, "तुमी पाणी द्या."

मी पाणी दिलं. सगळ्यांना. दोनदा. "अर्ज" हा शब्द झाला तेव्हा गुरं घरी येत होती. "भाताच्या" झालं तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. एक अक्षर चुकलं की हौसाबाई कळ दाखवत, सुनंदाताई थांबत. तिघांचा एक वेग जमला. मागचं कुणीही घरी गेलं नाही. मालकाचं काम पुरं झाल्याशिवाय पडकईतून कुणी जात नाही, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

"गिरणीसाठी" इथपर्यंत आलं आणि बाबा थांबले. पुढे "ही खोली" एवढंच उरलंय असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. सुनंदाताईंनी ह च्या कळेकडे बोट नेलं. बाबांनी ते हळूच बाजूला सारलं आणि स्वतः शोधायला लागले. व सापडला. मात्रा सापडायला वेळ लागला. मग ग, मग ळ, मग दुसरी वेलांटी. पडद्यावर शब्द उभा राहिला: "वेगळी".

मागे कुणीतरी तो मोठ्यानं वाचला. सुनंदाताईंनी आधीच वाचला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली, आणि मी, साठीचा माणूस, हातात पाण्याची कळशी घेऊन रडलो.

"खोली मिळावी" हे पुढचे दोन शब्द त्या मानानं लवकर झाले. खाली बाबांनी आपलं नाव घातलं, एकदा वाचून पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि पाठ सरळ केली. मग पाठीमागच्या माणसांकडे वळून, रानातून परतताना रोज विचारतात तसं, विचारलं, "उद्या कोनाकडं?"

हौसाबाई शेजारच्या मशिनवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्याकडं. सकाळी लवकर या."